कडुनिंबाची फांदी, अण्णांचं सोलर आणि आमचं भांडण

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दरवर्षी वळवाचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात पडलेल्या झाडांचे फोटो येतात, कुणाच्या रिक्षावर पडलेलं, कुणाच्या पत्र्यावर, कुठं लाईटच्या वायरी घेऊन खाली आलेलं. ते छापायलाच पाहिजे. पण न पडलेल्या झाडांवरनं आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली जी भांडणं चालतात त्याचा काही फोटो निघत नाही, म्हणून त्याच्यावर कुणी लिहीत पण नाही. मी लिहायलोय कारण तसलं एक भांडण मी स्वतः केलंय, आणि त्यात निम्मी चूक माझी होती, आमच्या घरातल्यांच्या मते पाऊण.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. रुमाल टाकून धरलेली सीट, सुट्टे पैसे, खिडकी उघडायची का लावायची, असली भांडणं मिटवण्यात उमर गेली. दोन्ही पार्ट्यांना एकेक वाक्य बोलू द्यायचं आणि डबल बेल मारायची, गाडी हलली की निम्मं भांडण तिथंच मिटतं. त्यामुळं मला वाटायचं आपल्याला माणसं कळतात. स्वतःच्या कंपाउंडवर वेळ आल्यावर कळलं की तिथं गाडी हलत नसती, दोघंबी जागेवरच असतात, सकाळ संध्याकाळ समोरासमोर.

जुळे सोलापुरात १९९४ ला घर बांधलं तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉटच जास्त, सगळीकडं काळी माती आणि ऊन. पूर्वेच्या कंपाउंडला लागून कडुनिंबाचं रोप आपलं आपण उगवलं होतं, कावळ्याची कृपा. आम्ही नुसतं मोरीचं पाणी तिकडं वळवलं. आज ते झाड दोन मजल्याच्या वर गेलंय, बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नाही. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला आमची बाज त्याच्याच खाली असते. त्या झाडाबद्दल कुणी वाकडं बोललं की मला आपल्या पोराबद्दल बोलल्यासारखं होतंय, हे आधीच सांगून टाकतो.

कंपाउंडच्या पलीकडं अण्णा. तेलुगू माणूस, पूर्व भागात त्यांचे यंत्रमाग होते, ते विकून इकडं घर घेतलं, वीस वर्षाचा शेजार. मागच्या दिवाळीत त्यांनी स्लॅबवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. सूर्यघर योजनेतनं ७८ हजार सबसिडी आणि राहिलेल्याचं लोन. आता आमचं झाड त्यांच्या पश्चिमेला, म्हणजे दुपारी तीननंतर सावली थेट पॅनलवर. मला आधी वाटायचं की सावलीनं थोडी वीज कमी होत असंल, त्यात काय एवढं. पण पॅनल एका लाईनीत जोडलेले असले की एकावर सावली पडली तरी त्या अख्ख्या लाईनीची वीज उतरू शकती. अण्णा मोबाईलमधला ग्राफ दाखवायचे, सकाळपासनं डोंगरासारखा चढलेला आणि तीननंतर कुणीतरी घास घेतल्यासारखा खाली. त्या घासाचा हप्ता ते भरायलेत हे मी समजूनच घेतलं नाही.

तीनदा आले ते सांगायला. पहिल्यांदा चहा पिऊन गेले. दुसऱ्यांदा गेटमधनंच बोलले. तिसऱ्यांदा चार लोकं बसलेली आणि मी बोलून गेलो, "अण्णा, झाड तीस वर्षाचं, तुमचं पॅनल तीन महिन्याचं, सरकायचं कुणी?" लोकं हसली. ते हसणं अण्णांना लागलं, आणि त्या हसण्यावर मी दोन दिवस खूष होतो. एसटीत असलं बोललो असतो तर डेपो मॅनेजरपर्यंत तक्रार गेली असती.

मग माघी वारीला मी आणि बायको पंढरपूरला गेलो, दोन दिवस. परत येऊन गेट उघडतोय तर अंगणात पाला गुडघाभर. कुणीतरी लाकूडतोड्या आणून अण्णांनी तीन फांद्या उतरवल्या होत्या. कापलेल्या नाहीत, तोडलेल्या. पॅनलवर पडू नये म्हणून दोर लावून आमच्या बाजूला ओढलेल्या, त्यातली मोठी आमच्या बाथरूमच्या पत्र्यावर पडून पत्र्याला ही मोठी पोच. पण पत्र्याचं मला एवढं वाटलं नाही. वरनं कुऱ्हाड घातलेली, निम्मी तुटल्यावर फांदी आपल्या वजनानं खाली आलेली आणि येताना बुंध्याची साल दोन हात सोलत आलेली. सालीची पट्टी तशीच लोंबत होती, आतलं लाकूड ओलं, उघडं, आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग लागलेली. मी ती पट्टी हातानं दाबून परत बसती का बघत होतो, बायको म्हणाली चला आत, लोकं बघायलीत.

त्यानंतर जे होतं तेच झालं. आरडाओरडा, "काय बे" वर गोष्ट गेली, पोलीस स्टेशन, अदखलपात्र नोंद. अण्णांनी पण उलटी तक्रार दिली की झाड धोकादायक आहे. आमचा भाचा वकिली करतोय, त्यानं मला घरी येऊन जे सांगितलं ते इथं लिहितो कारण बऱ्याच लोकांना ते माहीत नसतंय, मला पण नव्हतं.

तो म्हणाला, मामा, फांदी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली म्हणून ती शेजाऱ्याची होत नाही, लाकूड तुमचं, फळ पण तुमचं. पण ती तिथं लोंबत ठेवायचा हक्क तुम्हाला तीस काय साठ वर्षं झाली तरी मिळत नाही. आपल्या हद्दीत आलेलं तेवढं काढायला लावायचा अधिकार अण्णांना आहेच. मी म्हटलं मग त्यांचंच बरोबर की. तर म्हणाला थांबा, शहरात १९७५ चा झाडं जतन करायचा कायदा आहे, त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातनं पाडणं नाही, कापणं, जाळणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं त्याच्यात येतंय, आणि झाड स्वतःच्या मालकीचं असलं तरी परवानगी लागती. दंड आहे, कैदेची पण तरतूद आहे. म्हणजे अण्णा परवानगी न घेता तोडून चुकले, आणि उद्या तुम्ही रागाच्या भरात झाडच पाडलं तर तुम्ही पण चुकणार. २०२१ मध्ये त्याच कायद्यात सुधारणा झाली, पन्नास वर्षं आणि त्याच्यावरच्या झाडाला आता वारसा झाड म्हणतात. माझं अजून वीसेक वर्षं लांब आहे म्हणा, तेव्हा मी कुठं असेन काय माहीत.

आणि झाड खरंच पडायच्या बेताला आलं असंल तर? त्यालाही रस्ता आहे. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासनं नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ झालंय. पडून कुणाला इजा होईल असं झाड असंल तर दंडाधिकारी ते काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा हुकूम करू शकतात. आधार द्यायचा, हे शब्द मला फार आवडले. कायदा लिहिणाऱ्याला पण वाटलं असंल की प्रत्येक वाकलेलं झाड पाडायचंच असतं असं नाही.

एवढं सगळं सांगून भाचा म्हणाला, केस टाकायची का? मी म्हटलं टाक. तो म्हणाला, तुमचं वय काय. विषय तिथंच बंद.

आता खरी गंमत. आपल्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी येईल ह्याचा नेम नसतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत ज्याच्या नळाला आधी सूं सूं आवाज आला तो शेजाऱ्याचं गेट वाजवतो. वीस वर्षं अण्णांच्या घरचे आमचं गेट वाजवायचे, आम्ही त्यांचं. भांडणानंतर ते बंद. एकदा पहाटे साडेतीनला पाणी येऊन गेलं, सगळ्या गल्लीनं भरलं आणि आम्ही घोरत पडलेलो. पाच दिवस टँकर आणि बोअरवाल्यांच्या हातापाया. बायको एक शब्द बोलली नाही, नुसती रिकामी घागर माझ्या बाजेपाशी आणून ठेवली. पुढच्या वेळी आम्हाला आवाज आला तर आम्ही पण त्यांचं गेट वाजवलं नाही, आणि त्यांची सून घागरी घेऊन तिकडच्या चौकात जाताना बघून मला काय आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू.

मग पाडवा आला. दरवर्षी पाडव्याला सकाळी सहापासनं अख्खी गल्ली आमच्या गेटवर, गुढीला कडुनिंबाचा डहाळा पाहिजे. आमचं ते गूळ आणि कडुनिंब, अण्णांच्यात त्याच दिवशी उगादी, त्यांच्या पच्चडीला कडुनिंबाची फुलं लागतात, आणि समोरच्या अक्का कानडी, त्यांच्यात बेवू-बेल्ला. तीन भाषा, झाड एक. त्या दिवशी अण्णांच्यातलं कुणी आलं नाही. नऊच्या सुमारास त्यांची सून बाजारातनं हातात दहा रुपयाची जुडी घेऊन आली, आणि वर त्यांच्याच स्लॅबवर राहिलेली फांदी फुलानं पांढरी झालेली, खाली पायऱ्यांवर फुलांचा सडा.

हे अक्कानं बघितलं. अक्काचं वय पंच्याहत्तरच्या पुढं, नवरा गेल्यावर एकटीनं तीन पोरं वाढवलेली बाई, गल्लीत कुणाच्या बापाला भीत नाही. ती आमच्या झाडाची फुलं ओच्यात घेऊन थेट अण्णांच्या स्वयंपाकघरात गेली आणि तिथली पच्चडी वाटीत घेऊन आमच्यात आली. "खावा," म्हणाली. खाल्ली. मग म्हणाली, "आता दोघंबी माझ्या स्लॅबवर या. खालनं भांडायलाव, वरनं कुणी बघितलाव का?"

खरं सांगतो, मी नव्हतं बघितलं. तीस वर्षांत मी माझं झाड खालनंच बघत आलो. अक्काच्या स्लॅबवरनं दोन्ही घरं दिसतात. तिथनं दिसलं की झाडाचा निम्म्याच्या वर डोलारा अण्णांच्या बाजूला झुकलाय, आमच्या बाजूला आम्हीच दरवर्षी डिश अँटेनाला आडवं येतं म्हणून छाटत आलेलो, मग झाड बिचारं जाणार कुठं, तिकडंच वाढणार. आणि अण्णांच्या गच्चीवरच्या पन्हाळीत पाल्याचा असा लगदा बसलेला की त्यात पिंपळाचं रोपटं आलेलं. ती पन्हाळ कधी कुणी साफ केली नव्हती, पण पाला तर आमचाच.

पुढचं काम अण्णांच्या नातवानं केलं, नववीत आहे पोरगं. रविवारी त्यानं खडू घेऊन स्लॅबवर दर तासाला सावलीची रेघ मारली. तीनची रेघ, चारची, पाचची. आम्ही दोघं म्हातारे वर पाठ करून उभे, बोलायचं कोण आधी म्हणून कुणीच बोलत नाही. चारच्या रेघेवर कळलं की पॅनलवर सावली टाकणाऱ्या फांद्या दोनच, आणि अण्णांनी ज्या तीन तोडल्या त्यातली एकच कामाची होती, बाकीच्या दोन फुकट गेल्या. आणखी एक कळलं. शेवटच्या पॅनलवर जी सावली यायची ती झाडाची नव्हतीच, अण्णांच्याच काळ्या पाण्याच्या टाकीची होती. पोरगं म्हणालं, "ताता, ये तो अपनीच टाकी है." अण्णा आधी हसले. मग मी. पोरगं वर हे पण म्हणालं की थंडीत ऊन दक्षिणेकडनं तिरकं येतंय, तेव्हा परत एकदा रेघा मारायला लागतील. मारू म्हटलं.

मग परवानगीसाठी मनपाकडं द्यायच्या एकाच अर्जावर दोघांच्या सह्या केल्या, खडूच्या रेघांचे फोटो जोडले, कोणत्या फांद्या, किती जाड, का काढायच्या ते लिहिलं. पाहणीला माणूस आला तर भांडण बघायला मिळंल म्हणून आलेली पोरं निराश होऊन गेली. परवानगी मिळाल्यावर फांद्या काढणारा माणूस पण नीट बघून आणला. त्यानं जे केलं ते लिहितो कारण आपल्याकडं नव्वद टक्के झाडांची वाट इथंच लागती. मोठी फांदी काढताना त्यानं आधी बुंध्यापासनं हातभर लांब, खालच्या बाजूनं करवतीनं थोडा काप दिला. मग त्याच्या जरा पुढं वरनं कापली. फांदी खाली आली पण साल सोलली नाही, कारण खालच्या कापापाशी सुटली. राहिलेला खुंट मग बुंध्याजवळच्या फुगीर कडेच्या जरा बाहेरनं साफ काढला, ती कड सोडली तर झाड आपली जखम आपण भरून काढतं, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. शेंडा छाटू का म्हणून मीच विचारलं तर म्हणाला, "शेंडा मारला की झाडू निघंल ओ, बारीक बारीक फुटवे, ते पहिल्या वाऱ्याला पडतात." आणि आमच्या बाजूची पण थोडी काढली, तोल राहावा म्हणून. मजुरी निम्मी निम्मी. लाकूड अक्काच्या चुलीला. टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवली, तिचा खर्च अण्णांचा, पत्र्याचा पण त्यांनीच केला, मी नको म्हटलं नाही.

सगळ्याच झाडांचं असं होईल असं नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला एकाच्या दारात शेवगा आहे, पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचा थर बसतो आणि शेजारच्या लहान पोरांच्या अंगाला खाज, तिथं खडूच्या रेघा काय करणार. आणि शेवग्याचं लाकूड म्हणजे गाजर, वारं आलं की फांदी खाली. दुसरं उदाहरण आमच्या साडूंचं, विजापूर रोडला. कंपाउंडच्या भिंतीला उभी चीर गेली म्हणून शेजाऱ्याच्या जांभळाच्या मुळ्यांवर आळ घेतला, वकिलाची नोटीस गेली, दोन हजार गेले. शेवटी मिस्त्रीनं पाया उकरला तर मुळी नव्हतीच, पाया दीड फूट आणि खाली काळी माती. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात आणि पावसात फुगते, तिच्यावर उथळ पाया असंल तर जांभूळ काय आणि तुळस काय, भिंत तडकणारच. पण नोटीस गेली ती गेलीच. अजून बोलत नाहीत.

आता माझं म्हणणं. गावाकडं १५ ऑगस्ट २००७ पासनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालू झाली, आर. आर. आबा गृहमंत्री होते. बांधावरचं झाड, सामाईक विहीर, वाट, असल्या किती गोष्टी चावडीवर बसून मिटल्या असतील. माझ्या मेव्हण्याच्या गावात बांधावरच्या बाभळीचं मिटलेलं मी बघितलंय. शहरात असं कोण आहे? शहरात भांडण झालं की एक तर पोलीस, नाहीतर कोर्ट, मधे कुणी नाही. लोकअदालत आहे, १९८७ च्या कायद्यानं आहे, तिथं मिटलं की पुढं अपील नाही आणि आधी दावा टाकलेला असंल तर कोर्ट फी पण परत मिळती, दावा न टाकताही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जाता येतं, हे भाच्यानं सांगितलं. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात तर वस्तीतल्या भांडणांसाठी तीन मध्यस्थांच्या पॅनलची तरतूद लिहून ठेवलीय, फक्त दोन्ही बाजूंची तयारी पाहिजे आणि तिथली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखी बजावता येत नाही. मला विचाराल तर झाडाच्या भांडणात हुकूम बजावून काय करणार, फांदी तर पुढच्या वर्षी परत वाढती.

तेव्हा मनपाला आणि विधी सेवावाल्यांना तुमच्या पेपरातर्फे दोन विनंत्या. हद्दीवरच्या झाडांसाठी दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज ठेवा, आणि ज्या अर्जावर दोन सह्या आहेत त्याची पाहणी आधी करा, बघा लोकं सह्या करायला लागतात का नाही. आणि पाहणी पावसाळ्याच्या तोंडावर नको, थंडी संपताना घ्या, पडझडीची घाई नसते तेव्हा. दुसरं, प्रभागात असल्या अक्का बऱ्याच आहेत, रिटायर्ड मास्तर आहेत, जुने मिस्त्री आहेत, त्यांची नावं घ्या आणि दोन दिवसाचं ट्रेनिंग द्या. कंडक्टर पण घ्या. पगार नको, ओळखपत्र द्या, म्हणजे दुसऱ्याच्या स्लॅबवर चढताना कुणी हटकणार नाही.

काही लोकं म्हणतील, पॅनलवाल्यांचं ऐकून शहरातली झाडं छाटत बसलो तर सावली राहणार कुठं. त्यांचं चूक नाही. सोलापुरासारख्या गावात एक कडुनिंब म्हणजे काय ते मे महिन्यात बस स्टॉपवर उभं राहिलेल्याला विचारा. पण गच्च्यांवर सोलर वाढतच जाणार, आणि ज्याला वर्षानुवर्षं कुणी विचारतच नाही तो एक दिवस तुम्ही पंढरपूरला गेल्यावर कुऱ्हाडवाला बोलावतो. माझ्या झाडाची साल अजून भरली नाही. कडेनं नवीन गोल वळी यायला लागलीय, बोटाएवढी.

पत्र लांबलं, काटछाट करा पण सह्यांच्या अर्जाचं तेवढं ठेवा. सध्या लिंबोळ्या पिकून पडायल्यात, अण्णांच्या स्लॅबवर पाय ठेवला की चिकट. काल रात्री सव्वादोनला त्यांनी गेट वाजवलं. पाणी भरून झाल्यावर त्यांनीच आणलेला खराटा घेऊन दोघं वर गेलो.

आपला,
एक रिटायर्ड एसटी कंडक्टर
जुळे सोलापूर